वर गेलेली योलांदा

एर्मेते बाराबिनोने आयुष्यभर माणसं वर नेली आणि खाली आणली. जेनोव्हा शहर डोंगराच्या अंगावर रेलून बसलंय, त्यामुळे तिथे बंदराकडच्या गल्ल्यांतून वरच्या वस्तीत जायला पालिकेच्या लिफ्ट आहेत. त्यातल्या एका लिफ्टचा दांडा एर्मेतेच्या हातात होता. म्हाताऱ्यांच्या भाजीच्या पिशव्या, शाळेतली पोरं, रुसलेल्या सासवा, एकदा तर आजारी बकरी, सगळं त्याने सुखरूप पोचवलं. स्वतः मात्र तो कुठेच गेला नाही. वर पोचलं की बंदर दिसायचं, बंदरात पांढऱ्याशुभ्र बोटी उभ्या असायच्या. त्यांच्याकडे बघून तो म्हणायचा, “एवढं धूड तरंगतं कसं कोण जाणे,” आणि परत खाली यायचा.

त्याच्या घरी रात्रीचं जेवण साडेसातला. त्यात मागेपुढे नाही. त्याची बायको योलांदा घरीच लग्नाचे पोशाख शिवायची. एखाद्या नवऱ्यामुलीच्या अंगावर टाचण्या लावता लावता साडेसात वाजत आले, की त्या पोरीला तशीच टाचण्यांसकट उभी करून ती पास्त्यासाठी पाणी उकळायला ठेवायची. जेनोव्हातल्या कितीतरी बायकांनी लग्नाआधी संसाराचं पहिलं दर्शन घेतलं ते योलांदाच्या बैठकीत, हलायची सोय नाही अशा अवस्थेत, समोर एर्मेते पास्ता भुरकत असताना.

तो निवृत्त झाला, आणि लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून त्यांच्या मुलीने, तोरिनोच्या मिरेल्लाने, त्यांना भूमध्य समुद्रातली आठवड्याची क्रूझ भेट दिली. तिकिटांसाठी दोघं बंदराजवळच्या एका एजन्सीत गेले. तिथली मुलगी म्हणाली, “रात्रीच्या जेवणाच्या दोन पद्धती आहेत. एक ठरलेली पंगत. रोज तेच टेबल, तीच वेळ, तेच शेजारी, तोच वेटर. दुसरी मोकळी पंगत. ती वरच्या डेकवर. वाटेल तेव्हा जा, जागा असेल तिथे बसा.”

“ठरलेली,” एर्मेते म्हणाला.

“मोकळी,” योलांदा त्याच दमात म्हणाली.

मुलीने दोघांकडे पाहिलं. एर्मेतेने विचारलं, “ठरलेलीची वेळ काय?”

“पहिली पावणेसातला, दुसरी नऊला.”

“साडेसातला काहीच नाही?”

“साडेसातला पहिल्या पंगतीत मुख्य पदार्थ येतो.”

एर्मेतेने विचार केला. “म्हणजे साडेसातला माझ्या तोंडात घास असेल.”

“बहुतेक असेल.”

“मग चालेल.”

“मला नाही चालणार,” योलांदा म्हणाली. “चाळीस वर्षं मी एकतर भूक लागायच्या आधी जेवले, नाहीतर भूक मेल्यावर. एक आठवडा मला भूक लागल्यावर जेवायचंय.”

“आणि मी एकटा बसू?”

“एकटा कशाला? तेच शेजारी असणार ना रोज.”

मुलीने तोडगा काढला: प्रत्येकाचं कार्ड वेगळं असतं, तेव्हा ज्याला जे हवं ते घ्या. एर्मेतेला वाटलं, बायको ऐनवेळी नांगी टाकेल. तिला वाटलं, नवरा टाकेल. जेनोव्हाची माणसं सहसा टाकत नाहीत. त्यामुळे ‘आउरेलिया’ बोट बंदरातून सुटली त्या संध्याकाळी योलांदा निळा झगा घालून अकराव्या डेकवर निघाली आणि एर्मेते तोंड फुगवून खालच्या भोजनगृहात उतरला.

टेबलाशी तिघं आधीच बसले होते. कूनेओच्या दोन बहिणी होत्या. थोरली ओत्ताविया, खाटकाची विधवा, अंगाने आणि आवाजाने भरभक्कम. धाकटी प्रासेदे, बिनलग्नाची, लुकडी, जेवताना फक्त जेवणारी. तिसरे फेर्राराचे निवृत्त दंतवैद्य, डॉक्टर मालागुती. ते बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघायचे. वेटर मनिलाचा होता, रोडेल नावाचा. तो इटालियन शिकला होता मेन्यूकार्डावरून. पदार्थांची नावं अस्खलित, बाकीची भाषा अंदाजाने.

एर्मेतेसमोरची एक खुर्ची रिकामी होती. रोडेलने आदबीने विचारलं, “सिन्योरा येतायत?”

“नाही,” एर्मेते म्हणाला आणि बोट छताकडे केलं. “ती वर गेली.”

ओत्तावियाने हातातला पाव खाली ठेवला. रोडेलने रिकाम्या खुर्चीपुढची ताटली, काटे, पेला सगळं इतक्या हळुवारपणे उचललं, की एर्मेतेला जरा नवल वाटलं.

“कधी गेल्या?” ओत्तावियाने हलक्या आवाजात विचारलं.

“आत्ताच तर.”

“अचानक?” डॉक्टरांनी विचारलं.

“अचानक कसलं. चाळीस वर्षं म्हणत होती, एक दिवस जाईन म्हणून. मला खरं वाटलं नाही.” एर्मेतेचा राग पुन्हा वर आला. “मला एकट्याला टाकून गेली.”

“असं नका म्हणू,” ओत्ताविया म्हणाली. “त्यांच्या हातात होतं का ते?”

“तिच्याच हातात होतं. मी किती समजावलं.”

“शेवटी काही बोलल्या?”

“म्हणाली, तू जेव. माझी वाट बघू नकोस.”

ओत्तावियाने नॅपकिन डोळ्यांना लावला. “ऐकलंस प्रासेदे? जाता जाता नवऱ्याच्या जेवणाची काळजी.” मग ती एर्मेतेकडे वळून म्हणाली, “माझा अल्बीनोही वरच आहे. भेटतील एकमेकांना.”

“त्यांनाही मोकळं आवडतं का?”

“आता मोकळाच की तो. दुकान नाही, देणीघेणी नाहीत, माझी कटकट नाही. गेला तेव्हा हातात सॉसेज होतं त्याच्या. भरता भरताच मान टाकली.”

एर्मेतेचा घास तोंडातच राहिला. आता कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. त्याने घाईघाईने घास गिळला.

“सिन्योरा, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. ती वर म्हणजे तशी वर नाही.”

“माहीत आहे आम्हाला,” ओत्ताविया त्याचा हात थोपटत म्हणाली. “मलाही पहिले काही महिने असंच वाटायचं. वरूनच बघत असेल तुमच्याकडे.”

“बघत कसली असेल, जेवत असेल.”

“तिथे भूक नसते हो.”

“तिला असते. आता लागली असेल चांगलीच.”

ओत्तावियाने डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी मान हलवली. बिचाऱ्याचं मन अजून मानत नाहीये, असा त्या मान हलवण्याचा अर्थ होता. एर्मेते पुन्हा बोलायला तोंड उघडणार तोच गोड पदार्थ आला. लालबुंद रसात पन्ना कोत्ता थरथरत होता. ओत्तावियाने आपली वाटी त्याच्यापुढे सरकवली. “घ्या. दुःखात शरीर झिजतं.” डॉक्टरांनीही आपली अर्धी दिली. घरी योलांदाने साखरेच्या आजाराच्या भीतीने गोड बंद केलेलं. एर्मेतेने दोन्हीकडे पाहिलं आणि ठरवलं की खुलासा उद्या करू.

मोकळ्या पंगतीत असं काही घडलं असतं तर ते त्या रात्रीपुरतंच राहिलं असतं. ठरलेल्या पंगतीत उद्या तीच माणसं येतात, आणि येताना कालचं सगळं लक्षात ठेवून येतात. दुसऱ्या संध्याकाळी ओत्ताविया काळी ओढणी घालून आली. डॉक्टर म्हणाले, “माफ करा, वैद्य आहे म्हणून विचारतो. कशाने गेल्या?”

खरं सांगायची वेळ होती. पण रोडेल त्याच वेळी एर्मेतेपुढे भरल्या वांग्यांची जरा मोठी बशी ठेवून, छातीवर हात नेऊन मागे सरला होता. इतक्या माणसांचं मन मोडायचं म्हणजे धीर लागतो.

“निमोनिया,” एर्मेते म्हणाला.

“खोकला होता?”

“कधीच नाही.”

“मग ताप?”

“ताप मला यायचा.”

डॉक्टर विचारात पडले. ओत्तावियाने त्यांना दटावलं, “दात नाहीत ते, खणत बसायला. तुम्ही सांगा हो, कशा होत्या त्या?”

आणि एर्मेते सांगू लागला. सांगायचं म्हणून सांगायला लागला आणि थांबेना. योलांदा ओठांत टाचण्या धरून गायची, आणि टाचणी कधी पडली नाही. अक्रोडाच्या चटणीतले पान्सोती, म्हणजे पास्त्याच्या भरल्या करंज्या, असे करायची, की मागच्या अंगणातले शेजारी उगाच मीठ मागायला यायचे. नवऱ्यामुलीचा पोशाख घट्ट झाला तर तिला कळू न देता रात्रीत सैल करून ठेवायची, वर म्हणायची, “बारीक झालीस गं.” हे सगळं त्याने याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं. लिफ्टमध्ये एवढा वेळ नसतो. बायको डोक्यावर पाच-सहा मजल्यांवर मासे खात बसलीय हे ठाऊक असूनही त्याला तिची फार आठवण आली.

केबिनमध्ये परतल्यावर योलांदा आरशापुढे कानातले काढत होती, गालांवर लाली.

“कसं आहे तुझं टेबल?” तिने विचारलं.

“बरं आहे. माणसं हळवी आहेत.”

“माझ्याकडे रोज नवी. आज एक बारीचं जोडपं होतं. फार हसलो.”

“काय बोलता एवढं?”

“असंच,” ती म्हणाली आणि आरशात बघत राहिली.

नापोली झालं, पालेर्मो आलं. पालेर्मोत उतरल्यावर एर्मेतेची खरी तारांबळ उडाली. ओत्ताविया कुठल्या कोपऱ्यावरून उगवेल सांगता येत नव्हतं, म्हणून तो योलांदाच्या बराच मागे, दुकानांच्या काचांत बघत चालू लागला. योलांदाला वाटलं, गुडघा दुखत असेल. ती मागे आली, त्याचा दंड धरला, आणि रस्त्याकडेच्या गाडीवर तळलेल्या चण्याच्या वड्या घेऊन त्याला भरवू लागली. त्याच क्षणी समोरच्या चर्चच्या पायऱ्या उतरत होत्या दोघी बहिणी.

त्या संध्याकाळी टेबलावर बर्फ पडला होता. ओत्तावियाने गोड तर सोडाच, मिठाची बाटलीसुद्धा पुढे केली नाही.

“सिन्योर बाराबिनो,” ती शेवटी म्हणाली, “आज मी तुमच्या बायकोसाठी मेणबत्ती लावली आणि बाहेर येते तर तुम्हाला एक बाई भरवतेय. वड्या. भर रस्त्यात. कोण ती?”

काहीतरी बोलणं भाग होतं.

“मेहुणी,” तो म्हणाला. “बायकोची बहीण. आर्मीदा.”

“सख्खी?”

“जुळी.”

ओत्तावियाचा चेहरा हळूहळू विरघळला. “म्हणजे तुम्हाला रोज तोच चेहरा दिसतो?”

“रोज.”

“केवढी ही परीक्षा. आणि त्या कुठे उतरल्यात?”

“माझ्याच,” एर्मेते म्हणाला आणि अडखळला, “माझ्याच मजल्यावर.”

मग रोडेलच्या हातून तिरामिसूच्या दोन गोड वाट्या आल्या आणि त्यांच्याबरोबर ओत्तावियाच्या डोक्यात एक कल्पना आली. तिच्या डोक्यात आलेली कल्पना बाहेर पडल्याशिवाय राहात नसे. माल्टाच्या दिवशी ती म्हणाली की पुरुषमाणूस एकटा राहिला की वाळतो. बार्सेलोनाच्या दिवशी म्हणाली की गेलेल्या बहिणीलाही हेच आवडलं असतं. “घरातली भांडी त्याच घरात राहतात,” ती म्हणाली, “आणि फोटोसुद्धा बदलावे लागत नाहीत.”

“आर्मीदा ऐकायची नाही,” एर्मेते म्हणाला. “फार हट्टी आहे.”

“आम्ही बघतो ना. शेवटच्या रात्री त्यांना आपल्या टेबलावर आणा. खुर्ची रिकामीच आहे.”

डॉक्टरांनी दुजोरा दिला. प्रासेदेने मान खाली घालून रिझोत्तो संपवला. एर्मेतेने पुष्कळ सारवासारव केली, आर्मीदाला रात्री पोट बिघडतं, आर्मीदाला उजेड सोसत नाही, पण ओत्तावियाने रोडेलला बोलावून पाचव्या ताटाची व्यवस्थाही करून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मार्सेयच्या धक्क्याला बोट लागली असताना, नाश्त्याच्या वेळी एर्मेतेने योलांदाला सगळं सांगितलं. ती कॉफी ढवळत ऐकत होती. ढवळणं थांबलं.

“मी मेले?”

“थोडीशी.”

“कशाने?”

“निमोनियाने.”

“मला आयुष्यात सर्दी झाली नाही. दुसरं काही सुचलं नाही तुला? समुद्रात कुणाला वाचवताना वगैरे?”

“डॉक्टर बसलाय टेबलावर. खुणा मागतो.”

“आणि ही आर्मीदा कुठून आली?”

“तू मला वड्या भरवल्यास त्यातून आली.”

योलांदाने पाव मोडला, लोणी लावलं, बराच वेळ लावत राहिली. एर्मेतेला वाटलं आता ती कप फेकणार. ती म्हणाली, “माझ्याबद्दल काय सांगितलंस त्यांना?”

त्याने थोडक्यात सांगितलं.

“नीट सांग. त्यांना सांगितलंस तसं.”

मग त्याला टाचण्या, गाणं, पान्सोती, सैल केलेले पोशाख, सगळं पुन्हा सांगावं लागलं. पान्सोतीचं तिने दोनदा सांगायला लावलं. ऐकून झाल्यावर ती उठली आणि म्हणाली, “येते मी. पण मेलेल्या बाईची चेष्टा केलेली मला खपायची नाही, आधीच सांगून ठेवते.”

शेवटच्या रात्री योलांदा करड्या झग्यात आली, जरा उदास, पण फार नाही. ओत्तावियाने उठून तिचे दोन्ही गाल चुंबले. रोडेल तिला पाणी ओतताना थेट तोंडाकडे बघायचं टाळत होता.

“तुमच्या बहिणीबद्दल इतकं ऐकलंय आम्ही,” ओत्ताविया म्हणाली.

“काय काय ऐकलंत?”

ओत्तावियाने सांगितलं. योलांदा मधेमधे “हो का” म्हणत होती. तिसऱ्यांदा ऐकतानाही तिला कंटाळा आला नाही. मग ती म्हणाली, “माझी बहीण खरंच फार सोसून गेली. साडेसात वाजले की तिला घाम फुटायचा.”

एर्मेतेने खाकरून घसा साफ केला.

“निमोनियाचाच तो भाग असेल,” डॉक्टर म्हणाले.

“नाही, नवऱ्याचा.”

ओत्ताविया हसली नाही. ती कामाला लागली होती. “सिन्योरा आर्मीदा, स्पष्ट बोलते. हा माणूस चांगला आहे. रडत नाही, ओरडत नाही. दुःख जिरवायला बिचारा रोज दोन दोन गोड खातो, तेवढंच.”

“दोन दोन?” योलांदाने मान वळवली.

“कधीकधी अडीच,” प्रासेदे म्हणाली. आठवडाभरात तिचं हे पहिलंच वाक्य.

“तुम्ही विचार करा,” ओत्ताविया म्हणत होती. “तुमचं वयही फार नाही.”

“विचार करते,” योलांदा म्हणाली. “पण आधी त्याची रक्त तपासणी करून घेईन.”

इतक्यात बाजूने एक टकला, हसरा गृहस्थ जात होता. तो थबकला. “सिन्योरा, तुम्ही इथे खाली? आम्ही वर शोधत होतो. म्हशी कशा आहेत?”

योलांदाचा पेला ओठांशीच राहिला. “बऱ्या आहेत,” ती म्हणाली.

“फार मोठा कळप आहे यांचा, काझेर्ताजवळ,” तो बारीचा गृहस्थ टेबलाला सांगू लागला. “त्यांच्या दुधाचं मोत्झारेल्ला चीज थेट रोमला जातं. एकट्या बाईने सांभाळायचं म्हणजे काही सोपं नाही.” आणि नमस्कार करून निघून गेला.

“कुठल्या म्हशी?” एर्मेतेने दबक्या आवाजात विचारलं.

“नंतर सांगते.”

ओत्ताविया एर्मेतेच्या कानाशी वाकली. “म्हशी पण आहेत? मग उशीर कशाला करताय?”

एर्मेतेला काही सुचायच्या आत दिवे मंद झाले. स्वयंपाकघराच्या दारातून वेटरांची रांग गात, टाळ्या वाजवत निघाली. पुढे रोडेल होता, हातात मेणबत्त्यांचा केक. तो एकटाच गात नव्हता. त्याचा चेहरा पडलेला, आणि मागच्यांना तो सारखा गप्प राहायच्या खुणा करत होता. केक त्याने टेबलावर ठेवला आणि पुटपुटला, “सिन्योराच्या आठवणीत.” केकवर साखरेच्या अक्षरांत लिहिलं होतं: एर्मेते आणि योलांदा.

हा केक तोरिनोहून मिरेल्लाने सांगून ठेवला होता. मोकळ्या पंगतीतलं माणूस कुठल्या क्षणी कुठे बसेल याचा नेम नाही, म्हणून बोटीच्या कचेरीने तो ठरलेल्या टेबलावर पाठवला. तिचा निरोप मुख्य वेटर ध्वनिक्षेपकावरून वाचू लागला, आणि त्याचा आवाज साऱ्या भोजनगृहात घुमला: “आज आपल्यात जेनोव्हाचे सिन्योर एर्मेते आणि त्यांच्या पत्नी योलांदा आहेत. लग्नाला चाळीस वर्षं झाली. दोघांनी हात वर करावेत.”

एर्मेतेने हात वर केला नाही. योलांदाने केला. सवयीने केला, शाळेतल्यासारखा, आणि मग तो खाली घेण्यात अर्थ राहिला नाही. आजूबाजूच्या टेबलांनी टाळ्या वाजवल्या. या टेबलावर मेणबत्त्यांचं मेण केकवर ठिबकत होतं.

“पण तुम्ही आर्मीदा,” ओत्ताविया म्हणाली.

“आर्मीदा नावाचं कुणी नाहीच,” एर्मेते उभा राहिला. “सिन्योरा ओत्ताविया, डॉक्टर, मी सांगतो. ती वर गेली होती. वर म्हणजे अकराव्या डेकवर. मोकळ्या पंगतीत. मी पहिल्याच दिवशी सांगायला लागलो होतो, तेवढ्यात पन्ना कोत्ता आला.”

रोडेलला एवढं इटालियन कळलं की नाही कोण जाणे, पण त्याने योलांदाच्या दंडाला एका बोटाने हळूच स्पर्श करून पाहिला आणि लांब श्वास सोडला. मग धावत जाऊन तिच्यासाठी मोठी बशी घेऊन आला.

ओत्तावियाचा आवाज मात्र थंड होता. “मी पालेर्मोत मेणबत्ती लावली.”

“माझ्यासाठी?” योलांदाने विचारलं.

“दुसरी कोण मेली होती?”

“मोठी की लहान?”

“होती त्यातली सगळ्यात मोठी. आणि काळी ओढणी. काळा रंग मला अजिबात शोभत नाही, तरी आठवडाभर घातली.”

योलांदा उठली, टेबलाला वळसा घालून गेली आणि ओत्तावियाला मिठी मारून तशीच उभी राहिली. “माझ्यासाठी इतकं कुणी केलं नाही,” ती म्हणाली. ओत्तावियाने दोन क्षण अंग ताठ ठेवलं. तिसऱ्या क्षणी दोघीही रडत होत्या, नक्की कोणासाठी ते दोघींनाही सांगता आलं नसतं.

“निमोनियाच्या खुणा मला पटत नव्हत्याच,” डॉक्टर मालागुती प्रासेदेला म्हणाले.

“मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं,” प्रासेदे म्हणाली. “सुटायच्या आधी सगळ्यांना जीवरक्षक जाकिटं घालून उभं केलं होतं ना, तेव्हा हे दोघं माझ्या पुढेच होते. जाकिटाचा पट्टा कुणी कुणाचा चुकीचा बांधला यावरून भांडत होते. एकदम नवरा-बायको.”

ओत्तावियाने रडणं थांबवलं. “आणि तू बोलली नाहीस?”

“मला कुणी विचारलं नाही. शिवाय जेवण छान रंगत होतं.”

आता ओत्तावियाचा सगळा राग बहिणीवर वळला. एर्मेतेचा जीव भांड्यात पडला. दंड म्हणून अर्धा केक ओत्तावियाने आपल्याकडे ओढला, आणि एर्मेतेच्या वाट्याला योलांदाने नखाएवढा तुकडा कापला. तो खाता खाता त्याला आठवलं.

“म्हशींचं काय?”

योलांदाने नॅपकिनने तोंड पुसलं. “वर रोज नवी माणसं. रोज तेच पहिल्यापासून सांगायचं. आम्ही जेनोव्हाचे, मुलगी तोरिनोला, मी शिवणकाम करते, नवरा लिफ्टवर होता. दुसऱ्याच दिवशी माझं मलाच ऐकवेना. मग म्हटलं, उद्या कुठे हे भेटणार आहेत. एकदा गायिका झाले. एकदा नन होते आणि मठ सोडून आले असं सांगितलं, तेव्हा तर सगळ्यांनी मला वाईन पाजली.”

“आणि माझं काय सांगितलंस?”

“कुठल्या दिवशी?”

“म्हशींच्या दिवशी.”

ती जरा घुटमळली. “म्हशींच्या दिवशी तू नव्हतास. एका म्हशीने तुला विहिरीत ढकललं होतं.”

“म्हणजे तूही मला मारलंस?”

“तुझं बरं होतं, एकदाच मारून आठवडाभर पुरवलंस. मला रोज नवं काढावं लागायचं.”

एर्मेतेने यावर रागवायचं ठरवलं, पण डॉक्टर मालागुती इतके हसले की त्यांची वरची कवळी टेबलावर आपटली आणि मग कुणालाच रागवता आलं नाही. आपल्या दंतवैद्याला कवळी आहे, हे त्या आठवड्यात कुणाला कळलंच नव्हतं. दुसऱ्या पंगतीची माणसं दाराशी ताटकळत उभी राहिली, मुख्य वेटर तीनदा येऊन गेला, तेव्हा कुठे ते पाचजण उठले. योलांदा रोडेलला म्हणाली की त्याने तिची ताटली फार प्रेमाने उचलली होती असं तिने ऐकलंय. रोडेल लाजला आणि घाबरलाही.

वसंतात दोघी बहिणी जेनोव्हाला आल्या, दोन दिवसांसाठी म्हणून आल्या आणि बऱ्याच राहिल्या. योलांदाने पान्सोती केले. ओत्तावियाने दोनदा वाढून घेतले, ताटली पावाने पुसली आणि म्हणाली की चांगले आहेत, पण एर्मेतेच्या पहिल्या बायकोच्या हाताची सर नाही. योलांदाने तिच्याशी संध्याकाळपर्यंत अबोला धरला. रात्री योलांदा आणि प्रासेदे बैठकीत काळ्या ओढणीचं काय करता येईल ते बघत बसल्या होत्या. त्या ओढणीची उशीची खोळ झाली, जरा आखूडच झाली. एर्मेते तेव्हा जेवून केव्हाच मोकळा झाला होता आणि ओत्तावियाला बाल्कनीतून बंदरातल्या बोटी दाखवत होता. यातली कुठली आपली, असं तिने विचारलं. त्याला ओळखता येईना, पण त्याने एका बोटीकडे बोट दाखवलं.